आधी कॅथेटर बघा, मग पंप

एपिड्युरल (पाठीतून बारीक नळी, म्हणजे कॅथेटर, घालून मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर भूल देणं) चालू असताना रुग्णाचा दुखरा पाय तसाच ठणकतोय आणि बधिरता मात्र दुसऱ्याच पायाला आलीय, तर इन्फ्यूजनचा (पंपातून सतत जाणाऱ्या औषधाचा) वेग वाढवावा का, असा प्रश्न आहे. लगेच नको. एपिड्युरल पोकळीत कॅथेटर ३ ते ५ सेंमी असावा. त्याहून आत गेला की टोक मज्जारज्जूतून निघणाऱ्या नसेच्या मुळाबरोबर मणक्यांमधल्या बाजूच्या छिद्रातून बाहेर सरकू शकतं, मग औषध एकाच बाजूला साचतं. कॅथेटरवरची त्वचेजवळची खूण वाचा, १-२ सेंमी मागे घ्या (रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर आधी त्यांच्या वेळा तपासा), ॲस्पिरेट करून (सिरिंजने मागे ओढून) रक्त किंवा मज्जारज्जूभोवतीचं पाणी येत नाही ना ते पाहा. मग छोटा बोलस (एकदम दिलेला डोस) देऊन बर्फाने दोन्ही बाजूंची बधिरतेची पातळी तपासा.

बुपिव्हाकेन (भुलीचं औषध) ०.०६२५ ते ०.१२५ टक्के सहसा पुरतं, त्यात पायाची ताकद बरीचशी टिकते. म्हणूनच ताकद कमी होत चालली तर ते औषधाचंच काम समजून गप्प बसू नका. पंप बंद करा. चार तासांत पाय हलेना, तर तातडीने एमआरआय हवा: हिमॅटोमा (साचलेलं रक्त) मज्जारज्जू दाबत असेल तर प्रत्येक तास मोलाचा असतो. पाठदुखी नव्याने वाढली किंवा लघवी अडली, तर चार तासही थांबू नका.