मदत हवी आहे: फर्मेंटेशन संपल्यावर बियर ३६-३७ अंशांत राहिली, बाटल्या भरू की नको?

मंडळी, जाणकारांनी जरा सांगा. घरीच २० लिटर पेल एल बियर लावली होती, साधं माल्ट, कॅस्केड हॉप्स (कडूपणा न वास देणारी फुलं), यूएस-०५ यीस्ट. जुन्या फ्रीजला कंट्रोलर लावून १९ अंशांवर मस्त फर्मेंट झाली, ग्रॅव्हिटी (साखर किती उरली ते सांगणारी घनता) १.०४८ वरून १.०१० वर येऊन थांबली, परत परत मोजली तरी तीच. ड्राय हॉप (वासासाठी शेवटी टाकायचे हॉप्स) टाकायचे, थंड करायचं न बाटल्या भरायच्या एवढंच उरलं होतं आणि नेमका फ्रीजचा कॉम्प्रेसर बसला. आता नागपूरचा मे म्हणजे बाहेर ४५, आमचं घर वरच्या मजल्यावर, स्लॅब मध्यरात्रीपर्यंत तापलेला, मेकॅनिक रोज येतो येतो म्हणून राहिला, त्यात चारपाच दिवस गेले. फर्मेंटरवरची पट्टी दुपारी ३६-३७ दाखवे, पहाटे ३१-३२. ओली चादर गुंडाळून कूलरसमोर ठेवला की थोडं उतरे, पण लाईट गेली की परत तेच.

मला कळतं ते असं की गरमीचं मोठं नुकसान पहिल्या दोनतीन दिवसांत होतं, यीस्ट जोरात असते तेव्हा. त्या वेळी तापली तर फ्यूजल अल्कोहोल बनतात, थिनरसारखा वास, घशात जळजळ. साखर संपल्यावर तो धोका जवळजवळ गेला, उलट शेवटी थोडी ऊब दिली तर डायअॅसिटिलचा लोण्यासारखा वास यीस्ट स्वतःच साफ करते. पण ती ऊब २१-२२ ची, ३७ ची नाही ना! म्हणून विचारतोय, इतक्या गरमीत यीस्ट मरून तिचा वास बियरमध्ये उतरतो का, बाटलीत गॅस धरायला ती जिवंत असेल का, आणि प्रायमिंगची (बाटलीत गॅस धरण्यासाठी घालायची) साखर किती घेऊ? चाखली तर चव स्वच्छ आहे, हॉप्सचा वास मात्र दबल्यासारखा वाटतो. धीर देऊ नका, जे खरं आहे ते सांगा, एवढ्या मेहनतीची बियर आहे.

प्रतिसाद:
भाऊ, आधी ग्रॅव्हिटी परत मोजा, सगळं त्यावर आहे. १.०१० च असेल तर पुढे जा. १.००५-०६ वर घसरली असेल किंवा वर पांढुरकी साय दिसत असेल तर जंगली यीस्ट नाहीतर बॅक्टेरिया शिरलेत, त्यांना ३०-३७ फार मानवतं, अशी बियर काचेच्या बाटलीत अजिबात भरू नका, फुटेल.

यीस्ट मेलेली नाही, ३७ ला चारपाच दिवसांत सगळी मरत नाही. सडल्याचा वास, म्हणजे सोया सॉस किंवा जळक्या रबरासारखा, त्याला घरगुती बॅचमध्ये सहसा आठवडे लागतात, गरमीत लवकर होतं हे खरं, म्हणून तळाच्या यीस्टच्या गाळावर आणखी ठेवू नका.

खरी भीती शिळेपणाची. बियर किती शिळी होते याचा ब्रुअरीवाल्यांचा ढोबळ हिशोब आहे, ३२ अंशांत ३ दिवस म्हणजे २२ ला ३० दिवस म्हणजे ३-४ अंशांना ३०० दिवस. तो पॅक केलेल्या बियरचा आहे, पण दिशा तीच. गरमी न ऑक्सिजन एकत्र आले की ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते, आणि हॉप्सचा वास सगळ्यात आधी जातो, तुम्हाला जाणवलं ते तेच. तुमची दिवसरात्रीची ५ अंशांची चढउतारही वाईट, रात्री आतली हवा आकसते न एअरलॉकमधून (झाकणावरची पाणी भरलेली गॅस सोडायची नळी) बाहेरची आत ओढली जाते. थंड करताना तर जास्तच, म्हणून त्यात पाण्याऐवजी वोडका घाला, आत गेली तरी बियर नासणार नाही. झाकण उघडून बघत बसू नका. ड्राय हॉप २० च्या खाली आल्यावर टाका, आत्ता टाकून वाया जातील.

साखरेत लोक फसतात. प्रायमिंगचा कॅल्क्युलेटर तापमान विचारतो ते बियर संपल्यावर जितकी जास्तीत जास्त तापली ते द्यायचं, थंड केल्यानंतरचं नाही. २० अंशांना बियरमध्ये ०.८५ व्हॉल्यूमच्या (१ व्हॉल्यूम म्हणजे लिटर बियरमध्ये लिटरभर गॅस) आसपास गॅस उरतो, ३६ ला ०.६ धरा, आणि उडालेला गॅस नुसतं थंड केल्याने परत येत नाही. २.४ व्हॉल्यूम हवे असतील तर लिटरला ७ ग्रॅम साधी साखर, २० लिटरला १४० ग्रॅम. फ्रीजचं ४ अंश टाकलंत तर ते ७५ ग्रॅमच्या आसपास सांगेल न बियर फुसकी होईल. बाटल्या आठवडाभर खोलीत ठेवा, गॅस धरला की लगेच फ्रीजमध्ये. ४० च्या खोलीत विसरू नका, प्रेशर चांगलंच चढतं.

आणि पुढच्या मे साठी क्वाइक यीस्ट बघा, नॉर्वेच्या शेतघरांतली आहे, ३५ ला पण साफ काम करते.

धागाकर्ता:
खूप आभार दादा, साखरेचं तर मी ४ अंशच टाकणार होतो. आत्ताच मोजली, १.०१० आहे, वर काहीही नाही. वोडका घालतो. बहिणीच्या घरी फ्रीजमध्ये जागा मिळतेय, संध्याकाळी ऊन उतरलं की तिकडे नेतो. एकच विचारायचं राहिलं, गाडीत नेताना गाळ हलणारच, तर नेऊन दोन दिवस तशीच बसू द्यायची न मग ड्राय हॉप, की आधी इथेच दुसऱ्या भांड्यात काढून घेऊ? मला वाटतं काढताना परत हवा लागेल, म्हणून तशीच न्यावी.