पिंक फ्लॉइडचे पंधरा अल्बम : माझा क्रम, आणि 'द वॉल' आठवा का

निशाचर :

गेले तीन आठवडे रोज रात्री दिवे मालवून एक अल्बम, हेडफोन लावून, मध्ये न उठता. १९६७ च्या 'द पायपर अ‍ॅट द गेट्स ऑफ डॉन'पासून २०१४ च्या 'दि एंडलेस रिव्हर'पर्यंत पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचे पंधराही स्टुडिओ अल्बम ऐकले, काही दोनदा. तर माझा क्रम :

विश यू वेअर हिअर, मेडल, द डार्क साइड ऑफ द मून, अ‍ॅनिमल्स, पायपर, द डिव्हिजन बेल, ऑब्स्क्युअर्ड बाय क्लाउड्स, द वॉल, अ सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स, अ‍ॅटम हार्ट मदर, मोअर, दि एंडलेस रिव्हर, द फायनल कट, उम्मागुम्मा, आणि सगळ्यात शेवटी अ मोमेंटरी लॅप्स ऑफ रीझन.

किती खपला, किती वर्षं यादीत राहिला, यावर मी काहीच ठरवलेलं नाही. माझी कसोटी एकच : वाजवणारे एकमेकांचं ऐकताहेत का? फ्लॉइडमध्ये वेगवान बोटांचा कलाकार एकही नव्हता. कीबोर्डवर राइटचे स्वर धरून ठेवणं, मेसनचं मागे रेंगाळणारं ड्रमिंग, गिलमरच्या गिटारच्या दोन सुरांमधली मोकळी जागा, वॉटर्सचे शब्द, हे सगळं एकमेकांच्या आधाराने उभं राहतं. 'मेडल'ची आख्खी दुसरी बाजू व्यापणारी ती साडेतेवीस मिनिटांची रचना घ्या. सुरुवातीला राइट पियानोची एकच पट्टी वाजवतो, ती लेस्ली नावाच्या फिरत्या स्पीकरमधून पाण्यात थेंब पडल्यासारखी येते. पुन्हा तीच. पुन्हा तीच. बाकीचे तिघं घाई करत नाहीत. हे थांबणं मला फार मोलाचं वाटतं.

'द वॉल'मध्ये हे उरलेलं नाही. एक जण सांगतो, बाकीचे वाजवतात. रेकॉर्डिंग चालू असताना राइटला बँड सोडायला लावलं आणि नंतरच्या दौऱ्यात तो पगारी वादक म्हणून बसला. ज्याच्या स्वरांवर हा बँड उभा होता त्यालाच बाहेर काढल्यावर जे उरतं ते मोठं असेलही, पण ते मला चौघांचं वाटत नाही. म्हणून आठवा.

भिंतवाला :

आठवा?! 'ऑब्स्क्युअर्ड बाय क्लाउड्स'च्याही खाली?

निशाचर, तुमची कसोटीच मला मान्य नाही. स्टुडिओत कोण कोणाशी बोलत होतं याच्याशी ऐकणाऱ्याला काय करायचंय? वॉटर्स पाच महिन्यांचा होता तेव्हा त्याचे वडील इटलीत आन्झिओच्या लढाईत मारले गेले, फेब्रुवारी १९४४ मध्ये. पस्तीस वर्षं तो माणूस हे पोटात घेऊन फिरला आणि १९७९ मध्ये सव्वीस गाण्यांतून बाहेर काढलं. रॉकमध्ये इतकं सलग, इतकं उघडं कोणी मांडलंय? तुम्ही शेवटचं आणि पहिलं गाणं जोडून ऐकलंत का? अल्बमच्या अगदी शेवटी एक हलका आवाज अर्धं वाक्य बोलतो आणि तुटतो. उरलेलं अर्धं अल्बमच्या पहिल्या सेकंदांत आहे. म्हणजे भिंत पडली की पुन्हा बांधायला सुरुवात. हे कळलं त्या रात्री मी लागोपाठ दुसऱ्यांदा संपूर्ण अल्बम ऐकला होता.

आणि चौघांचंच म्हणत असाल तर 'कम्फर्टेबली नम्ब'चं काय? सुरावट गिलमरची, शब्द वॉटर्सचे, आणि ते कसं वाजवायचं यावर दोघांची कडाक्याची भांडणं. त्या भांडणातून जे निघालं त्याच्या तोडीचं गोडीगुलाबीतून काय निघालं ते दाखवा. २ जुलै २००५ ला लंडनच्या हाइड पार्कमध्ये हे चौघं कित्येक वर्षांनी पुन्हा एकत्र उभे राहिले, तेव्हा शेवट कशाने केला? याच गाण्याने.

सात मात्रा :

'वॉल'वर तुम्ही दोघं भांडा, मला 'डार्क साइड' तिसरा कसा ते हवंय. निशाचर यांची कसोटी मला पूर्ण मान्य आहे, आणि तीच लावली तर तो पहिलाच येतो.

हा अल्बम मार्च १९७३ मध्ये आला, पण ही सगळी मांडणी त्यांनी जानेवारी १९७२ पासून रंगमंचावर वाजवायला घेतली होती. ब्रायटनच्या पहिल्याच प्रयोगात तांत्रिक बिघाडामुळे ती मध्येच थांबवावी लागली. म्हणजे वर्षभर लोकांसमोर घासूनपुसून मग ती पक्की झाली. एकमेकांचं ऐकणं आणखी वेगळं काय असतं?

पैशांवरच्या त्या गाण्याचंच घ्या. नाण्यांची खणखण, कागद फाटल्याचा आवाज, गल्ल्याचं यंत्र, या सगळ्याच्या टेपचे तुकडे मोजून कापले, चिकटवले आणि त्याचं वेटोळं फिरवलं. त्यावर सात मात्रांचं चक्र. सॅक्सोफोनसुद्धा सातातच चालतो. मग गिटारची वेळ येते आणि सगळा बँड एकदम चारात उतरतो, गिलमरला मोकळं रान मिळावं म्हणून. त्याचं झालं की पुन्हा सात. मेसन हा मोठा तंत्राचा ड्रमर नव्हता म्हणतात, पण ते वळण तो असं घेतो की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला कळतही नाही. मी बोटांवर मोजायला लागलो तेव्हा कुठे मला कळलं, आणि तोवर मी ते गाणं शंभरदा तरी ऐकलं असेल.

श्रेय पाहा. चौघांचीही नावं वेगवेगळ्या ठिकाणी येतात, अगदी मेसनचंही. 'अस अँड देम'ची सुरावट राइटने आधी एका चित्रपटासाठी केली होती, दिग्दर्शकाने ती नाकारली, आणि ती इथे येऊन बसली. मृत्यूवरच्या त्या शब्दांविना गाण्यात बाहेरची गायिका क्लेअर टॉरी जे गायली, ते एका रविवारच्या सत्रात, तीस पौंडांवर. गाऊन झाल्यावर आपलं जरा जास्तच झालं असं वाटून ती माफी मागत होती. संगीतकार म्हणून तिचं नाव लागायला २००५ उजाडावं लागलं, तेही कोर्टात गेल्यावर. (हे मला अजून खुपतं. त्या गाण्यातून तिचा आवाज काढला तर काय उरतं?)

निशाचर :

सात मात्रा, वर्षभर रंगमंचावर घासल्याचा मुद्दा बिनतोड आहे. तो मी हिशेबात धरलाच नव्हता. डार्क साइड माझ्याकडे दुसरा झाला, मेडल तिसरा. पहिला मात्र बदलत नाही.

भिंतवाला, भांडणातून चांगलं निघू शकतं हे मान्य. पण एका गाण्याच्या जोरावर सव्वीस गाणी पुढे सरकत नाहीत. दुसऱ्या तबकडीवर कितीतरी तुकडे असे आहेत की ते कथेसाठी आहेत, गाणं म्हणून उभे राहत नाहीत.

पहिला पाऊस :

मला 'पायपर' पाचवा पाहून आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. निशाचर, तुम्ही स्वतःच्या कसोटीशी प्रामाणिक नाही आहात.

'वॉल' एका माणसाचा आहे म्हणून आठवा. मग 'पायपर'? अकरा गाण्यांपैकी आठ एकट्या सिड बॅरेटची, म्हणजे बँडच्या पहिल्या गायक-गिटारवादकाची, दोन बँडच्या नावावर आणि एक वॉटर्सचं. गिलमर तर तेव्हा बँडमध्ये नव्हताच. तो आला १९६८ च्या सुरुवातीला, आणि त्यानंतर काही महिन्यांतच बॅरेट गेला. पाचही जण ज्यात आहेत असा अल्बम एकच, 'सॉसरफुल', आणि तो तुम्ही नववा टाकलाय.

माझं म्हणणं वेगळं आहे. एका माणसाचं असणं हा दोष नाहीच मुळी. बॅरेटच्या गाण्यांत मांजर आहे, बुजगावणं आहे, सायकल आहे, आणि सायकलच्या गाण्याच्या शेवटी घड्याळांचा, घंटांचा कल्लोळ होतो तेव्हा लहान मुलाच्या खेळण्यांची पेटी उलटी झाल्यासारखं वाटतं. ते चौघांना बसून ठरवता आलं नसतं. तुम्हाला 'पायपर' आवडतो हे दिसतंय. मग जी कसोटी 'वॉल'ला लावलीत ती इथे का नाही लावली, एवढं सांगा.

भिंतवाला :

पहिला पाऊस, धन्यवाद. हेच मला म्हणायचं होतं, इतकं नेमकं जमलं नाही.

घंटानाद :

शेवटच्या नंबरावर 'मोमेंटरी लॅप्स', हे १९८७ च्या मूळ आवृत्तीबद्दल असेल तर माझी हरकत नाही. मेसन आणि राइट त्यात जेमतेम आहेत, बरेचसे ड्रम यंत्राचे नाहीतर बाहेरच्या वादकांचे. पण २०१९ मध्ये त्याचं नवं मिश्रण आलं. मेसनने ड्रम नव्याने वाजवले, राइटचे जुने तुकडे शोधून परत आत घेतले. ते ऐकाच. तीच गाणी, पण आता त्यात श्वास आहे. तुमच्याच कसोटीला याहून चांगला पुरावा मिळणार नाही.

आणि 'डिव्हिजन बेल' सहावा नको, चौथा हवा. वॉटर्स नसला की फ्लॉइड नाही, हे ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. वॉटर्स सोडून गेल्यावर उरलेले तिघं एकत्र बसले, नुसतं वाजवत गेले आणि त्यातून गाणी निघाली. राइटला पुन्हा गीतांवर श्रेय मिळालं. तो एक गाणं मुख्य आवाजात गायला, 'डार्क साइड'नंतर पहिल्यांदा. एकवीस वर्षांनी! ज्याला काढून टाकलं होतं तो माणूस आतून बाहेर येण्याबद्दल गातोय, आवाज जरा घोगरा, थकलेला. मला ते गाणं ऐकताना दरवेळी गळ्याशी काहीतरी येतं. २००८ मध्ये तो गेला, त्यामुळे आता तर जास्तच.

नवखी :

मी वर्षभरापूर्वी ऐकायला सुरुवात केली, म्हणून क्रम लावायची हिंमत नाही. पण मीही १९६७ पासून ओळीने ऐकलं आणि एक गोष्ट जाणवली. 'ऑब्स्क्युअर्ड बाय क्लाउड्स' हा चित्रपटासाठी फ्रान्समध्ये घाईघाईत केलेला अल्बम म्हणून सगळे पुढे सरकतात. त्यात एक टाळ्यांच्या ठेक्यावरचं उडतं गाणं आहे, आणि त्या हसऱ्या चालीत वॉटर्स युद्धात मेलेल्या वडिलांबद्दल बोलून जातो. १९७२ मध्ये! म्हणजे 'वॉल'ची पहिली वीट तिथे आहे. भिंतवाला, तुम्ही ज्याला खाली ढकलायला निघालात त्याच अल्बममधून तुमचा अल्बम सुरू होतो.

भिंतवाला :

नवखी, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. आत्ता लावून ऐकलं. बरोबर आहे तुझं. 'क्लाउड्स'बद्दलचं माझं वाक्य मागे घेतो. 'वॉल'बद्दलचं नाही.

आता एक नवा प्रश्न. निशाचर, तुमचा पहिला नंबर 'विश यू वेअर हिअर'. त्या सुमाराला चौघांचं कशात लक्ष नव्हतं, हे त्यांनीच नंतर सांगितलंय. त्या अल्बममधली लांब रचना दोन भागांत तोडायची की नाही यावर गिलमर एकीकडे आणि बाकीचे तिघं दुसरीकडे. एका गाण्याला तर गायक बाहेरून आणला, रॉय हार्पर. 'डार्क साइड'च्या यशानंतर दमलेले, एकमेकांना कंटाळलेले लोक. ते कुठे ऐकताहेत एकमेकांचं?

सात मात्रा :

भिंतवालांना या मुद्द्यावर +१.

निशाचर :

दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण पुन्हा ऐकायचं होतं.

आधी पहिला पाऊस यांना. तुमचं खरं आहे. 'पायपर' मी कसोटीवर घासलाच नाही, तो मला नुसता आवडतो, म्हणून वर ठेवला. मग 'वॉल'लाही तीच सवलत द्यायला हवी. तो आठवरून पाचवर. 'पायपर' सहावा, 'डिव्हिजन बेल' सातवा. घंटानाद, चौथा होणार नाही, कारण तिथे 'अ‍ॅनिमल्स' आहे. श्रेयात राइटचं नाव एकाही गाण्यावर नाही, पण मेंढ्यांच्या गाण्याच्या सुरुवातीला तो एकटाच इलेक्ट्रिक पियानोवर काय करतो ते ऐका. आणि पुढे वॉटर्सने ताणलेलं अक्षर हळूहळू सिंथेसायझरचा सूर होऊन जातं, माणूस कुठे संपला आणि यंत्र कुठे सुरू झालं ते कळत नाही. २०१९ चं 'लॅप्स' मात्र अकरावर आणलं, तुमचे आभार.

आता भिंतवाला. हो, ते दमलेले होते. पण शीर्षकगीत घ्या. आधी दूरच्या रेडिओवर लागल्यासारखी बारीक गिटार येते. मग जवळ बसलेला माणूस खोकतो, श्वास घेतो आणि आपली गिटार त्या रेडिओतल्या गिटारीला जोडतो. दोन्ही गिलमरच, एक लांबचा, एक जवळचा. समोर नसलेल्या माणसाचं ऐकत वाजवणं, हे त्या गाण्याच्या पहिल्या मिनिटात आहे.

आणि जून १९७५ ची ती गोष्ट. अ‍ॅबी रोड स्टुडिओत याच अल्बमचं काम चालू असताना एक जाडसर, डोकं आणि भुवया भादरलेला माणूस येऊन उभा राहिला. बराच वेळ कोणी ओळखलं नाही. तो बॅरेट होता. ज्याच्यावर ती लांब रचना बेतली होती, तोच. अल्बमच्या अगदी शेवटी, आवाज विरत जातो तिथे, फक्त राइट उरतो. आवाज वाढवून ऐका. तो सिंथेसायझरवर दोन-चार सूर वाजवतो, ते १९६७ मधल्या बॅरेटच्या 'सी एमिली प्ले'चे आहेत. कोणी गात नाही, कोणी काही सांगत नाही. राइटला ते सूर आठ वर्षं आठवत होते, आणि बाकीच्या तिघांनी त्याला ते वाजवू दिले.

भिंतवाला :

आवाज पूर्ण वाढवून ऐकलं. आहेत ते सूर. इतकी वर्षं मी त्याआधीच बंद करत होतो.

तुमचा पहिला नंबर मान्य. 'वॉल' तरीही तिसरा, पाचवा नाही.