मदत हवी आहे: नातवाचं अनुदान आजीच्या हातात कसं येईल?
नमस्कार मंडळी. माझा भाचा नऊ वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हातपाय नीट हलत नाहीत), यूडीआयडी कार्डावर, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रावर, ७५ टक्के दिव्यांगत्व. संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान त्याच्या बँक खात्यात येतं. दिव्यांगांना आता १५०० चे २५०० झालेत, पण उपयोग काय! खात्यावर पालक म्हणून वहिनी होती, ती मार्चमध्ये गेली. दादा आधीच गेलेला. सांभाळते माझी आई, वय ६८. बँकवाले म्हणतात, पोराचा अंगठा द्या. त्याची मूठच उघडत नाही हो. आई बोटं चोळून सरळ करते, मशीनवर ठेवली की परत मिटतात. आजीचं नाव पालक म्हणून लावायला कोर्टाचा कागद लागतोच का, की तहसीलदारांच्या पत्रावर भागतं? कुणी केलंय का?