टॅली आधी की रोजकीर्द?

नौपाडा: ‘बी.कॉम.ला हाताने रोजकीर्द-खतावणी (रोजचे व्यवहार वहीत लिहून खात्यांवर चढवणं) म्हणजे वर्ष फुकट, पहिल्या दिवसापासून टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) द्या’ असं काल कुणीतरी इथे लिहिलंय. साफ चूक. टॅली नावे आणि जमा या दोन्ही बाजू जुळल्याशिवाय व्हाउचर, म्हणजे व्यवहाराची नोंद, घेतच नाही. सुरुवातीच्या शिलकांचा फरक सोडला तर तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांची नावे-जमा यादी, जुळणारच, आणि पोरांना वाटतं हिशेब बरोबर आहे. यंत्रदुरुस्तीचे ५,००० खर्चात न धरता यंत्र खात्याला टाकून बघा. तेरीज जुळेल, वर्षाचा १० टक्के घसारा (यंत्राची झीज) धरूनही नफा ४,५०० ने फुगेल.

ऐरोली: म्हणून बेरजाच करत बसायच्या? १०,००० चा माल, १८ टक्के जीएसटी. खरेदी नावे १०,०००, इनपुट (खरेदीवर दिलेला) केंद्राचा सीजीएसटी ९००, राज्याचा एसजीएसटी ९००, पुरवठादार जमा ११,८००. मुलं अख्खे ११,८०० खरेदीत ढकलतात आणि १,८०० चं क्रेडिट, म्हणजे पुढच्या करातली वजावट, बुडतं. खरं बिल समोर ठेवून टॅलीत खरेदीच्या नोंदीचं एफ९ दाबलं की हे कळतं, वहीत नाही.

नौपाडा: वहीत चूक शोधायची सवय लागते. तेरीज जुळली नाही तर फरकाच्या निम्मी रक्कम चुकीच्या बाजूला गेलीय का बघायचं. फरकाला ९ ने भाग गेला तर आकडे उलटलेत का बघायचं, ५४० चे ४५०.

खारघर: अडचण शब्दांची आहे. बारावीपर्यंत नावे-जमा, ऋणको (देणं लागणारा)-धनको (येणं असणारा). पदवीच्या वर्गात एकदम डेबिट (नावे), क्रेडिटर (धनको), ट्रायल बॅलन्स (तेरीज). येणारं गणितही अडतं.

ऐरोली: विषय भरकटवू नका. इंग्रजी झेपत नाही म्हणून भाषेवर खापर कशाला?

खारघर: जरा जपून बोला. इंग्रजी माध्यमाची मुलंही इथेच अडतात. पासबुकात जमा दिसली की रोकडवहीतही जमाच करतात. अहो, पासबुक म्हणजे बँकेच्या वहीतलं आपलं खातं, तिथे आपण धनको. आपल्या वहीत बँक ऋणको, म्हणून तीच रक्कम नावे. हे न सांगताच रोकडवही आणि पासबुकातला फरक जुळवणारं जुळवणी पत्रक शिकवतात. रोकडवहीत बँकेची शिल्लक १२,०००. दिलेला पण न वटलेला चेक ४,००० मिळवा, वहीत न नोंदलेलं बँकेचं शुल्क ११८ वजा करा, पासबुकात १५,८८२. मुलं ‘मिळवा-वजा’ पाठ करतात. प्रश्न पासबुकाच्या शिलकेपासून सुरू झाला की चिन्हं उलटतात आणि सगळं कोसळतं.

कोपरी: ओव्हरड्राफ्ट, म्हणजे शिलकेपेक्षा जास्त उचल, असला की तर विचारूच नका.

ऐरोली: बरं, जुळवणी हाताने करून घ्या, तेवढंच मान्य. टॅली तिथे फक्त बँकेची तारीख मागतं, कारण विचारत नाही. पण दुसऱ्या सत्रापासून संगणक हवाच.

नौपाडा: दुसऱ्यापासून चालेल. पहिल्यात नाही.