इन्व्हर्टरची वायर विसरू नका

घरातला स्विच स्वतः बदलायचा तर एमसीबी (मेन बोर्डातला वीज तोडणारा खटका) खाली पाडला की बोर्ड बिनधास्त उघडावा, असं कोणीतरी लिहिलंय. घरात इन्व्हर्टर असेल तर हे अंगाशी येईल. आमच्याकडे मेन बंद करून हॉलचा बोर्ड उघडला, तर एका स्विचवर टेस्टर लख्ख पेटला. पंख्याची फेज, म्हणजे वीज आणणारी वायर, इन्व्हर्टरवरून आलेली! तेव्हा इन्व्हर्टरही बंद करा, आणि आधी टेस्टर चालू सॉकेटमध्ये घालून तो स्वतः धड आहे ना ते बघा.

जुना स्विच काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढाच. स्विचमधून फेज तुटली पाहिजे, न्यूट्रल (परतीची वायर) नव्हे. आमच्या जुन्या वायरिंगमध्ये नेमकं उलटं होतं, म्हणून बंद केलेला एलईडी दिवा रात्रभर मंद मिणमिणायचा. लाल ती फेज, काळी ती न्यूट्रल, यावर डोळे झाकून विसंबू नका. मागच्या वायरमनने हाताला लागेल ती वायर ओढलेली असते.

गीझरला ६ अँपिअरचा स्विच मात्र अजिबात नको. २००० वॅट म्हणजे जवळपास ९ अँपिअर, तिथे १६चाच लागतो. स्क्रू आवळल्यावर प्रत्येक वायर हलकेच ओढून बघा. ढिल्या जोडावरच स्विच काळा पडतो.