'नूतनीकरण' नको, मग काय?

ओसरी: ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या प्रार्थनेची पुस्तिका टाईप करतेय. सगळे मेणबत्त्या धरून उभे असतात, फादर विचारतात सैतानाचा त्याग करता का, आपण 'करतो' म्हणतो, मग ते पाणी शिंपडत फिरतात, त्या भागाला शीर्षक हवंय. मी 'बाप्तिस्म्याच्या वचनांचं नूतनीकरण' लिहिलं तर धाकटा भाऊ म्हणे, लायसन्स रिन्यू करायला चाललीस का. आता डोक्यातून जातच नाहीये. दुसरं सुचवा ना.

मोडी: नूतनीकरण म्हणजे हॉटेल तीन महिने बंद, बाहेर हिरवं कापड. पण मुळात बाप्तिस्मा तरी कशाला? स्नानसंस्कार हा छान शब्द असताना पोर्तुगीजांची उसनवारी?

तळटीप: पोर्तुगीज नाही हो. त्यांचं 'बातिज्मु'. आपल्या शब्दाच्या शेवटचं 'मा' ग्रीकमधलं आहे. मूळ अर्थ बुडवणं, कापड रंगात बुडवतात तेही त्यातच. आणि शब्द तसाच ठेवला ते बरंच झालं. १८३०च्या दशकात कलकत्त्याच्या बॅप्टिस्टांनी बंगाली भाषांतरात 'बुडवणे' अर्थाचा शब्द घातला तर ब्रिटिश बायबल सोसायटीने पैसेच द्यायचे नाकारले, कारण बाकीच्या पंथांत नुसतं शिंपडूनही भागतं.

उन्हाळकर: मराठीत तर अजूनच पंचाईत. बायबलमधल्या बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाला 'बुडवणारा योहान' म्हटलं की पतपेढीचा चेअरमन वाटतो 😄

वसईची लेक: आमच्याकडे दोन्ही चालतं, पत्रिकेवर स्नानसंस्कार, घरात बाप्तिस्मा. मला क्रियापदाची गंमत वाटते. माझ्या मुलाचा बाप्तिस्मा 'झाला', पण ना. वा. टिळकांनी १८९५ साली तो 'घेतला'. तान्ह्याला कोण विचारतंय! डोक्यावर पाणी तीनदा ओततात, आमचा दोनदा झोपेतच होता, तिसऱ्यांदा जो भोकाड पसरला, आजी म्हणाली गेला एकदाचा सैतान.

मोडी: माझ्या मते 'बाटणं' हे बाप्तिस्म्यावरूनच आलं असणार.

तळटीप: मग सोवळं बाटतं तेव्हा पाद्री कुठून आणायचा?

उन्हाळकर: 'पुनर्जन्म' चालेल का?

ओसरी: त्यासाठी आपल्याकडे आधी मरावं लागतं.

वसईची लेक: अगं बायबलमध्ये संत पौल तेच तर म्हणतो, बाप्तिस्म्यात आपण ख्रिस्ताबरोबर पुरले गेलो, मग नवं जिणं. तीताच्या पत्रात 'नव्या जन्माचं स्नान' आहे बघ, आणि लगेच पुढे पवित्र आत्म्याने केलेलं 'नवीकरण'. तेच घे.

मोडी: नवीकरण! म्हणजे सोलर पॅनल. त्यापेक्षा 'वचनांची उजळणी' करा, साधं सरळ.

ओसरी: उजळणी पाढ्यांची करतात हो. तिथे दरवर्षी माझा घसा दाटून येतो, आणि वर लिहू काय, उजळणी?

तळटीप: मध्येच विचारतो, 'बाप्तिस्म्याच्या' की 'बाप्तिस्माच्या'? मी दोन्ही छापलेलं पाहिलंय.

उन्हाळकर: आंबा-आंब्याच्या, आत्मा-आत्म्याच्या. म्हणून बाप्तिस्म्याच्या.

मोडी: आणि राजा-राजाच्या?

ओसरी: अहो, शनिवारी छापायला द्यायचंय!!

मोडी: हो हो, सुचेल. पण तोवर 'पाद्री' तरी पोर्तुगीज ना?