मदत हवी आहे: वडिलांची भजनं घरी रेकॉर्ड करायचीत, माइक कोणता घेऊ?

नमस्कार मंडळी. माझे वडील गेली चाळीस वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवत गातात. आवाज अजून खणखणीत आहे, तोवर घरीच नीट रेकॉर्ड करून ठेवायचाय.

बजेट ४० हजार, हेडफोन धरून. लॅपटॉप आहे, रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर शिकतोय. माइक लॅपटॉपला जोडणारा इंटरफेस फोकसराइट स्कार्लेट २आय२ जवळपास ठरलाय, कारण गळा आणि पेटी वेगवेगळ्या ट्रॅकवर हवेत.

अडलंय माइकपाशी. मित्राचा कंडेन्सर (जास्त संवेदनशील माइक) लावून पाहिला. आवाजातली बारीकसारीक हरकतही सुरेख उतरली, पण सोबत पंखा, रस्त्यावरची रिक्षा आणि भात्याची फसफससुद्धा. शुअर एसएम ५७ सारखा डायनॅमिक (कमी संवेदनशील माइक) तोंडाजवळ ठेवला तर खोलीतले बाकीचे आवाज कमी ऐकू येतील. पण वडील समेवर येताना डोळे मिटून मान बाजूला नेतात आणि तिथेच आवाज पडेल. त्यांना ‘हलू नका’ म्हणणं मला जमणार नाही, गाणंच जाईल त्यात.

मग गळ्याला कंडेन्सरच ठेवून पेटीला डायनॅमिक लावू का? पेटीचा माइक कोणत्या बाजूला, किती अंतरावर? गळ्याच्या माइकमध्ये पेटी शिरतेच, ती कमी कशी करायची?

खोली १० बाय १०, खाली फरशी. टाळी वाजवली की टणकन परत येते. अंड्याचे ट्रे लावणार नाही, त्याने फारसं काही होत नाही. सध्या दोऱ्यांवर गोधड्या टांगल्यात, बराच फरक पडला. रॉकवूलचे (आवाज शोषणाऱ्या खनिज लोकरीचे) पॅनल कुणी घरी बनवलेत का? चार इंच जाडी पुरेल का?

पेटी-गायन घरी रेकॉर्ड केलेल्यांनी कृपया सांगा. आषाढीच्या आधी सुरुवात करायची आहे.